दीड तासाची दिल्ली

जुजुमानबांशी बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागे. त्यात त्यांचा काही गुन्हा नव्हता. तांब्याच्या घागरी ठोकण्यात ज्याचा जन्म जातो त्याचे कान पन्नाशीतच हात टेकतात, आणि जुजुमानबा तर सत्तरी ओलांडून गेलेले. नेपाळातल्या पाटणच्या त्या तांबटांच्या आळीत सगळेच थोडेफार बहिरे, म्हणून सगळेच मोठ्यानं बोलतात. भक्तपूरहून नवी सून आली की सुरुवातीला तिला वाटतं, या घरात सकाळ-संध्याकाळ भांडणच चाललंय. मग हळूहळू तिचाही आवाज चढतो आणि ती आळीची होते.

आळीतल्या वीसेक घरांची मिळून एक गुठी. कुणाच्या घरी माणूस गेला की गुठीचा निरोप दारोदार जातो, प्रत्येक घरातून एक पुरुष हातातलं काम टाकून येतो, आणि मग तिरडी, लाकडं, घाटाची वाट, सगळं गुठी बघते. घरच्यांनी फक्त रडायचं. वयानं सगळ्यांत वडील तो थकाली, त्याचा शब्द शेवटचा. जुजुमानबा थकाली होऊन बरीच वर्षं झाली होती आणि इतकी वर्षं त्यांनी एक नियम डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. घाटावर गेलेली माणसं परत येईपर्यंत गुठीतल्या कुठल्याच घरात चूल पेटत नाही. म्हातारेकोतारे उपाशी, लेकरं उपाशी. म्हणून माणूस गेला की त्याला लगेच उचलायचं. गुठी कुणासाठी थांबत नाही.

नियम काही त्यांनी काढलेला नव्हता. पूर्वी आळीतले लोक भांडी घेऊन ल्हासाला जात, तेव्हा घरी बाप गेल्याचं कळायलाच त्यांना ऋतू उलटे. पुढे मोटारी आल्या. मुलगा सीमेवरून बसनं धडपडत यायचा आणि बापाची राख बघायचा, पण थांबला का नाहीत म्हणून कुणी विचारलं नाही. विमानं आली तेव्हा लोकांना एकदम थांबावंसं वाटायला लागलं. जुजुमानबांचं डोकं फिरायचं ते इथं. बसनं येणाऱ्याचा बाप उचलायचा आणि विमानानं येणाऱ्याचा ठेवायचा, हा कुठला न्याय, असं ते भर बैठकीत विचारत. त्यावर कुणाकडे उत्तर नसे. खरं सांगायचं तर अजूनही नाही.

आणि नेमका त्यांचाच एकुलता एक मुलगा दिल्लीला गेला. अमृतमानला घागरी ठोकायच्या नव्हत्या, आणि त्याला तरी काय बोलणार, प्लास्टिकच्या बादल्या आल्यापासून घागरींना विचारतंय कोण. दिल्लीत औषधांच्या कंपनीत त्याला जागा मिळाली. निघायच्या दिवशी चिनीमायाआईनं डोळ्याला पदर लावला, तर तिच्या गळ्यात हात टाकून तो म्हणाला, "आई, दिल्ली म्हणजे काय सातासमुद्रापार आहे? नकाशात आठशे किलोमीटर, विमानात दीड तास. तू बसनं भक्तपूरला मावशीकडे जाऊन परत येशील, त्याच्या आत मी दारात उभा."

चिनीमायाआईनं तो दीड तास पदराला बांधून ठेवला. विचारणाऱ्याला सांगायची, न विचारणाऱ्यालाही सांगायची. भात चढवला, भाजी झाली, भांडी घासून पालथी घातली की माझा अमृत दिल्लीहून इथं, असा तिचा हिशेब. हिशेबात खोट काहीच नव्हती. फक्त तो मुलगा वर्षातून एकदा दसऱ्याला यायचा, आणि कधी तेही जमायचं नाही. मग जुजुमानबा तिला डिवचत, दीड तासाच्या वाटेला तुझ्या लेकाला वर्ष लागतं म्हणून. त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलायची नाही आणि ताटात भात जरा आपटूनच वाढायची.

आळीत मोतीकाजी नावाचा एक तांबट आहे, जुजुमानबांहून वीस वर्षांनी लहान. त्याचा बाप गेला तेव्हा तो दिल्लीतच होता, कुठल्याशा प्रदर्शनात आपली भांडी घेऊन. त्यानं फोन केला की दुपारच्या विमानात जागा मिळाली आहे, तेवढं थांबा. घरच्यांचीही इच्छा होती. जुजुमानबांनी ऐकलं नाही. दीड तास तिकिटावर असतो, ते म्हणाले. आधी विमानतळ गाठायचा, रांगेत उभं राहायचं, विमान सुटायची वाट बघायची, इकडे उतरलं की बॅग यायची वाट बघायची, ते कोण धरणार? मोतीकाजीच्या धाकट्या भावाच्या हातून अग्नी देऊन मोकळे झाले. मोतीकाजी आळीत शिरला तेव्हा गुठीची माणसं घाटावरून परतून दारात पाय धूत होती. हातातली बॅग खाली न ठेवता तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

त्या दिवसापासून तो जुजुमानबांशी गुठीच्या कामापुरतं बोले. गुठीच्या वर्षाच्या जेवणात सगळ्यांना आपल्या हातानं ऐला, घरी गाळलेली दारू, ओतायचा, आणि जुजुमानबांची पाळी आली की झारी खाली ठेवून पुढे व्हायचा. आपल्या थकालींच्या छातीतही तांब्याचंच भांडं बसवलेलं आहे, ठोकून बघा, वाजेल, असं म्हणायचा. तेही असं, की बहिऱ्यालाही ऐकू जावं. जुजुमानबा खाली मान घालून पोहे खात राहायचे.

गेल्या हिवाळ्यात चिनीमायाआईला खोकला धरला तो सुटलाच नाही. डॉक्टर छातीचे फोटो बघून मान हलवायला लागले. एका दुपारी ती गच्चीवर उन्हात बसली होती आणि जुजुमानबा तिच्या पाठीला मोहरीचं तेल लावत होते. बोलता बोलता ती थांबली.

"एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार की."

"माझ्या वेळी थांबाल? अमृतच्या हातचा अग्नी मिळाला तर बरं वाटेल मला."

जुजुमानबांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिऱ्या माणसाला ही एक सोय असते. पण इतक्या वर्षांच्या संसारात यांना काय ऐकू येतं आणि काय नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. दीड तासाचा तर प्रश्न आहे, एवढंच पुटपुटली आणि लुगड्याचा काठ सारखा करत बसली. जुजुमानबा उगाचच पुन्हा पुन्हा तेल चोळत राहिले. त्यांना होय म्हणवेना, आणि नाही तर त्याहून म्हणवेना.

पौष सरता सरता तिचा श्वास खालावला. जुजुमानबांच्या पुतण्यानं, सुवर्णनं, अमृतला फोन करून सांगितलं की आता उशीर करू नकोस. अमृतनं सकाळच्या पहिल्या विमानाचं तिकीट काढलं. पण ती उजाडायलाच गेली. सुवर्णनं पुन्हा फोन लावला तेव्हा अमृत दिल्लीच्या विमानतळावर रांगेत होता. तो रडत नव्हता, असं सुवर्ण सांगतो. तो फक्त एकच वाक्य परत परत म्हणत होता, की बांना थांबायला सांग.

सुवर्णनं काकांच्या कानाशी तोंड नेऊन ते सांगितलं. जुजुमानबा बायकोच्या उशाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. गुठीची माणसं खाली अंगणात येऊन उभी होती, तिरडी बांधून झाली होती, आणि सगळ्यांना जे विचारायचं होतं ते कुणी विचारत नव्हतं. मोतीकाजी भिंतीला टेकून उभा होता.

"उचला," जुजुमानबा म्हणाले.

त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की तिरडीच्या मागच्या माणसाला पुढचा दिसत नव्हता. शंखमूलच्या घाटावर बागमतीचं पाणी तेवढं जवळचं दिसत होतं, पलीकडचा काठ नाहीच. लाकडं रचली गेली, तिला वर ठेवलं. आई-बापाला मुलगा अग्नी देतो, तो नसेल तर पुतण्या. सुवर्णनं पेटती काडी हातात घेतली आणि काकांकडे पाहिलं. थकालीनं हात खाली केला की द्यायचा, अशी रीत.

जुजुमानबांनी हात वर केला. तो वरच राहिला.

"थांबूया," ते म्हणाले.

सवयीप्रमाणे ते मोठ्यानंच बोलले होते, घाटावर सगळ्यांना ऐकू गेलं होतं, तरी कुणाचा कानांवर विश्वास बसला नाही. मग सगळ्यांच्या नजरा मोतीकाजीकडे गेल्या. तो पुढे आला.

"कशासाठी थांबायचं, थकाली?"

"विमान निघालंय त्याचं."

"माझंही निघालं होतं."

जुजुमानबांनी वर केलेला हात खाली घेतला, तो सावकाश, सुवर्णनं चुकून खूण समजू नये म्हणून दुसऱ्या हातात धरून.

"हो. तेव्हा मी थांबलो नाही," ते म्हणाले. "आज थांबा म्हणतोय. मला तोंड नाही हे सांगायला, पण तिनं मागितलं होतं. तू नाही म्हण, आत्ता पेटवतो."

मोतीकाजी चितेवरच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. आई नसलेल्या मोतीकाजीच्या लग्नात आईच्या जागी हीच बाई उभी राहिली होती. बऱ्याच वेळानं त्यानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"थांबतो. काकीसाठी. तुमच्यासाठी नाही."

मग माणसं पायऱ्यांवर बसली. सकाळपासून कुणाच्या पोटात चहासुद्धा गेलेला नव्हता. सुवर्णनं काडी विझवली आणि फोन काढला. हल्ली कुठलं विमान कुठं आहे ते फोनवर दिसतं. दिल्लीतही धुकं होतं, विमान उशिरा सुटलं होतं, पण सुटलं होतं. तो मधूनमधून काकांच्या कानात सांगे, लखनौच्या पुढे आलं, डोंगर लागले. सूर्य वर आला असावा, धुकं पांढरं झालं, पण हटलं नाही. पोटात दुखणारा एक म्हातारा पाय छातीशी घेऊन बसला. वर आळीत वीस घरांतल्या चुली थंड होत्या.

एकाएकी सगळ्यांनी माना वर केल्या.

जुजुमानबांना काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी फक्त माना वर झालेल्या पाहिल्या. "आलं?" त्यांनी विचारलं. सुवर्णनं मान हलवली. विमान वर होतं, धुक्याच्या वर, खाली उतरायला जागा दिसायची वाट बघत गोल गोल फिरत होतं. आवाज दूर जाई, पुन्हा जवळ येई, आणि त्याबरोबर घाटावरची तोंडं इकडून तिकडे वळत. जुजुमानबा आकाशाकडे बघतच नव्हते. ते माणसांच्या तोंडांकडे बघत होते, विमान कुठं आहे ते त्यांना तिथंच कळत होतं.

मग ते उठले, चितेपाशी गेले, तिच्या गालावर आलेलं कापड नीट केलं आणि वाकले. त्यांना वाटलं असेल की आपण हळू बोलतोय.

"आला गं. वरच आहे. आता येईल."

घाटावर प्रत्येकानं ते ऐकलं. मोतीकाजी नदीकडे तोंड करून उभा राहिला.

अशा किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. एकदा आवाज दूर गेला तो परत आला नाही. माणसं कान देऊन उभी होती. मग एकेक तोंड खाली झालं. कुणी टोपी नीट केली, कुणी पायातल्या चपलांकडे बघत राहिलं. जुजुमानबा एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे जात होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. ओरडून सांगायचं धैर्य कुणाला होईना. शेवटी सुवर्ण जवळ आला.

"लखनौला नेलं, थोरले बा. इथं उतरता येईना."

मोतीकाजी मागं वळला. "ऊन पडलं की परत आणतील," तो म्हणाला. "संध्याकाळ होईल. थांबायचं असेल तर थांबू आपण. मी आळीत जाऊन सांगतो सगळ्यांना."

तो मनापासून म्हणत होता. जुजुमानबांना ते कळलं, आणि म्हणूनच असेल, त्यांचा चेहरा पहिल्यांदा मोडला. त्यांनी पायरीवर पाय आखडून बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, उपाशी माणसांकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "दे, सुवर्ण."

सगळं झाल्यावर नदीत हातपाय धुताना त्यांनी गुठीला एक गोष्ट मागितली. आपण थांबलो होतो हे अमृतला कळता कामा नये. सकाळी आल्या आल्या अग्नी दिला, असंच सांगायचं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. पण थकालीचा शब्द शेवटचा. घरी बायकांनी इतका उशीर का म्हणून विचारलं तेव्हा मोतीकाजीनंच उत्तर दिलं. लाकडं ओली होती, तो म्हणाला, जळता जळेनात.

अमृत दिवस मावळताना आला. दारातल्या माणसांनी वाट करून दिली. तो वर गेला, आईच्या रिकाम्या अंथरुणाकडे पाहिलं, आणि बापासमोर उभा राहिला.

"कधी?"

"सकाळीच. तू दिल्लीत होतास."

"मी सांगितलं होतं थांबायला."

"सुवर्णनं सांगितलं मला."

"मग?"

"गुठी थांबत नाही. तुला माहीत आहे."

अमृत खाली बसला. "मी वर होतो, बा," तो म्हणाला. "किती वेळ आमचं विमान इथं वरच फिरत होतं. मी खिडकीतून खाली बघत होतो, नुसतं पांढरं. मनात म्हणत होतो, बा थांबले असतील. सगळ्या जगासाठी नाही थांबले, तरी आईसाठी थांबले असतील."

"नव्हतो थांबलो," जुजुमानबा म्हणाले.

सुवर्ण कोपऱ्यात उभा होता. त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

तेराव्यापर्यंत अमृतनं सगळं रीतसर केलं. डोकं मुंडवलं, पांढरे कपडे घातले, एकवेळचं जेवला. बापाशी मात्र एक शब्द बोलला नाही. दुसऱ्यांशी बोलायचा, तो बापाला ऐकू जाईल असं बोलायचा. काही माणसांना नियम बायकोपेक्षा प्यारा असतो. काही माणसांनी जन्मभर तांबं ठोकलं आणि आतूनही तांब्याचेच झाले. हे तर मोतीकाजीचे जुने शब्द. ते या मुलाच्या तोंडून ऐकताना मोतीकाजीला मेल्याहून मेल्यासारखं होई.

एक दिवस न राहवून तो जुजुमानबांच्या कामाच्या खोलीत गेला. ते नुसतेच बसले होते, हातोडा खाली पडलेला.

"सांगून टाका त्याला, काका," तो म्हणाला. कित्येक वर्षांनी त्यानं त्यांना थकाली न म्हणता काका म्हटलं होतं. "तुम्ही नाही तर मी सांगतो."

"काय सांगशील? की आई चितेवर वाट बघत होती आणि तू डोक्यावरून परत गेलास?" जुजुमानबांनी हातोडा उचलून बाजूला ठेवला. "मग तो जन्मभर हिशेब करत बसेल. आदल्या दिवशीच निघालो असतो तर. दिल्लीला गेलोच नसतो तर. खाईल त्याला ते."

"आणि तुम्हाला शिव्या देतो ते?"

"देऊ दे. तुझा बाप गेला तेव्हा तुला राग धरायला मी होतो की नाही? त्या रागावर तू उभा राहिलास. त्याला कुणीतरी नको का?"

मोतीकाजी तिथंच त्यांच्याशेजारी खाली बसला.

अमृत निघाला त्या दिवशी लखलखीत ऊन होतं. हिमालयाची रांग गच्चीवरून हाताला लागेल अशी दिसत होती, आणि विमानं वेळेवर उतरत होती, सुटत होती. आळीच्या तोंडाशी टॅक्सी उभी राहिली. गुठीची सगळी माणसं निरोपाला आली होती. त्यानं एकेकाचा निरोप घेतला, मोतीकाजीच्या पाया पडला, आणि शेवटी बापासमोर येऊन उभा राहिला. पाया पडला नाही.

"तुमच्या वेळी मला कळवू नका," तो म्हणाला. "तुमची गुठी आहेच."

"बरं," जुजुमानबा म्हणाले. "जपून जा."

मोतीकाजी एकदम पुढे झाला. त्याचं तोंड उघडलं होतं. जुजुमानबांनी त्याचं मनगट पकडलं, घागरी ठोकून ठोकून लोखंड झालेल्या हातानं, आणि टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत सोडलं नाही.